झाकणाच्या आतली नावं

प्रिय मंजिरी,

मी भोपाळ सोडलं त्या दुपारी बाबा पहिल्या शिफ्टहून थेट स्टेशनवर आले होते, कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच. दिल्लीची गाडी, तिथून कॅनडाचं विमान. माझा कॉलेजचा लॅपटॉप मी क्वार्टरमध्येच ठेवला होता. "जुना झालाय, देऊन टाका कुणाला," मी म्हणाले. "चालतंय ते कशाला द्यायचं?" बाबा म्हणाले. रडणं वगैरे त्यांनी केलं नाही. गाडी हलली तरी ते खिडकीच्या गजाचा सैल स्क्रू अंगठ्यानं चाचपत होते.

पुढे माझ्या भावाशी, नितीनशी लग्न करून तू अकोल्याहून आमच्या टाउनशिपमध्ये आलीस. म्हणजे घर तूही सोडलंस, मीही सोडलं. पण तुला माझं मिळालं, आणि मला इथलं हे भाड्याचं बेसमेंट. इथे वस्तू बिघडली की आधी वॉरंटी बघतात, नसेल तर रिसायकलिंगला. आत काय आहे हे कुणी बघत नाही. खरं सांगू? मी तुझ्यावर जळते.

कारखान्यात यंत्र दुरुस्त झालं की पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहायची पद्धत होती: तक्रार काय, काम कुणी केलं, मदतीला कोण. बाबांनी ती घरी आणली. आपला कूलर, मिक्सर, शिलाई मशीन, काहीही उघड, आत मार्करनं 'मदत: सुजाता' लिहिलेलं सापडेल. नितीन क्रिकेटला पळायचा आणि मी टॉर्च धरून बाबांना चिकटून बसायचे. ती जागा माझी होती.

गेल्या हिवाळ्यात मी आले तेव्हा तोच लॅपटॉप घरघर करून बंद पडत होता. रविवार होता. बाबांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि हाक मारली, "मंजिरी बेटा, खोल जरा."

मी समोर बसलेली! आणि 'बेटा' म्हणे. इतकी वर्षं तो बेटा मी होते. "मी उघडते," म्हणून मी तुझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर, बाबांचा 'पेचकस', जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"ताई, थांबा. मागच्या रबराखाली एक पेच लपलाय," तू हळूच म्हणालीस.

माझ्याच लॅपटॉपचा स्क्रू तू मला दाखवणार? मी ऐकलं नाही. झाकण ओढलं आणि कोपरा कटकन तुटला. तू फक्त टॉर्च जरा जवळ आणलास. त्याचाही मला राग आला.

झाकणाच्या आत चार ओळी होत्या. पहिल्या दोन बाबांच्या अक्षरात, पुढच्या तुझ्या, कारण तोवर त्यांचा हात थरथरायला लागला होता. चारही ओळींच्या शेवटी मदतीला मंजिरी. माझा नुसता जळफळाट झाला.

पंख्यातली धूळ काढून झाल्यावर बाबांनी मार्कर माझ्यापुढे सरकवला. "ज्यानं खोललं त्यानं लिहायचं." कसं लिहायचं ते बघावं म्हणून मी त्या ओळी पहिल्यापासून वाचल्या.

'तक्रार: सुजाताचा आवाज फुटतो.'

'तक्रार: सुजाताचा चेहरा अडकतो.'

त्याखाली तुझं अक्षर. 'तक्रार: ताई दिसतात, ऐकू येत नाहीत.' आणि शेवटची, 'तक्रार: ताई हसल्या की बंद पडतो.'

मला पुढचं दिसेना. त्या दिवशी मी समोरच बसले होते, तेव्हा तक्रारीपुढे काय लिहिणार? 'पंखा' लिहिलं. कामापुढे स्वतःचं नाव ठळक घातलं. मदतीपुढे तुझं लिहिताना मात्र अक्षर मुद्दाम बारीक काढलं. तुझ्या लक्षात आलं असेल.

आता बाबांची निवृत्ती जवळ आली. क्वार्टर सोडावं लागेल, कूलर-मिक्सर भंगारात जातील आणि माझी नावंही त्यांच्याबरोबर. मग मला घर म्हणून ते एक झाकणच उरेल, आणि त्यावरही तू आहेस. जळणं काही थांबलेलं नाही.

म्हणून परवाच्या व्हिडिओ कॉलचंही सांगून टाकते. बोलता बोलता बाबांनी तुला विचारलं, "अडकली का गं ही?" मी अडकले नव्हते. तरी पापणीसुद्धा न हलवता बसून राहिले, तू "पेचकस आणते" म्हणेपर्यंत.

तुझी,
सुजाताताई