छत्रीवर लावलेलं एसटीचं भाडं

काल हॉटेलात टेबल डुगडुगलं आणि सोनाळ्याची जत्रा आठवली. महाराष्ट्र नुकताच झाला होता. भज्यांच्या धुरात एकानं खेळ मांडला होता. मेजावर छत्री, घोडा अशी सहा चित्रं, मधे फिरता लोखंडी काटा. आपल्या चित्रावर थांबला तर पाचपट पैसे. दादा दुपारभर नुसता बघत राहिला. मग माझ्या कानात म्हणाला, "मेजाचा एक पाय आखूड हाये बे. जड काटा उताराकडंच जाते. छत्री पाह्य, घडीघडी छत्रीच येऊन राह्यली." त्यानं परतीचं एसटीचं भाडं छत्रीवर ठेवलं. तेवढ्यात वहिनी भजी घेऊन आली. घरात तिला पाटसुद्धा डुगडुगलेला खपत नसे. "भाऊ, मेज हालून राह्यला तुमचा," म्हणत ती वाकली आणि आखूड पायाखाली खापराचा तुकडा सरकवला. काटा फिरला, छत्री ओलांडून घोड्यावर थांबला. खेळवाल्यानं वहिनीला हात जोडले. जळगाव जामोदपर्यंत आम्ही कुणाच्या तरी बैलगाडीत आलो. वाटेत वहिनीनं दादाला विचारलं, "काऊन हो, भजी बाधली का?" काल वेटर कागदाची घडी घेऊन टेबलाखाली वाकला, तेव्हा मी म्हटलं, थांब, आधी कुणीकडं कलतंय ते पाहू दे.