पाणजूला चालत जाण्याची अट

भाईंदरच्या जुन्या रेल्वेपुलावरून चालत जायचं मी ठरवलं नव्हतं. ठरवलं वनिताने. हल्ली त्या पुलाचे फोटो टाकून खाली 'भकास सौंदर्य' लिहिणारे दिसले की माझं डोकं फिरतं, म्हणून नव्वदीच्या सुरुवातीची ती सहल लिहून काढतेय. अहो, त्या पुलावरून माणसं दूध आणत, पोरं शाळेत जात. भकास कसलं?

वनिता आमच्या ऑफिसात टायपिस्ट. घर पाणजूला, खाडीच्या मधोमध असलेल्या बेटावर. उल्हास नदी समुद्राला मिळताना ऐसपैस होते, तिलाच आपण वसईची खाडी म्हणतो. इंग्रजांच्या काळातला पूल या बेटावर टेकवलेला: भाईंदरकडचा भाग लांब, नायगावकडचा आखूड. शेजारी नवा पूल झाला, गाड्या तिकडे वळल्या आणि जुना पूल बेटावरच्या लोकांना पायवाट म्हणून उरला.

भाईंदरातल्याच केबिन रोडच्या सुहासचं स्थळ तिला मीच सुचवलं होतं. मुलगा तिला आवडला. पण मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, त्याची आई पुलावरून चालत आली तरच मी हो म्हणणार. आणि हे त्यांना सांगायचं नाही."

तिच्या मोठ्या बहिणीच्या सासरचे होडीने मुलगी बघायला आले, ते शेवटचे. वनिताची आई वारली तेव्हाही त्यांच्यातलं कोणी फिरकलं नाही.

"अगं, ही काय परीक्षा झाली?"

"परीक्षाच आहे. कॉन्व्हेंटात तुमच्या घेत नव्हते?"

रविवारी सकाळी सातला निघालो: सुहास, त्याची आई जानकीबाई आणि मी. होडीचं भाडं तेव्हा कटिंग चहाएवढं. पुलाचा खर्च शून्य. मागे पट्टा असलेल्या चपला, वर खोचलेली साडी, पाण्याची बाटली. दहानंतर लोखंड तापतं, म्हणून लवकर. (आता हा उद्योग कुणी करू नका. होडीने जा.)

रुळांच्या कडेला चालायला पत्रे होते. फटींतून खाली पाणी सरकताना दिसे. दूर तिवरांवर बगळे, वर धुकट ऊन. थोड्या वेळाने वाटू लागलं, पाणी थांबलंय आणि पूलच आम्हाला घेऊन सावकाश समुद्राकडे निघालाय. मला तिथून कुठेच पोचायचं नव्हतं.

तेवढ्यात नव्या पुलावरून गाडी गेली आणि तिच्यातून खाडीत टाकायला भिरकावलेली निर्माल्याची पिशवी आमच्यापासून चार हातांवर आदळली. नारळ फुटला, झेंडू सांडले.

"बाई गं! कोण मेलं टाकतं असं?" जानकीबाई मटकन खाली बसल्या.

"तूच टाकतेस आई, दर सोमवारी," सुहास म्हणाला.

मीही टाकत होते. सिस्टरांनी काट्याचमच्याने जेवायला शिकवलं, एवढं नाही शिकवलं.

"मी नाही पुढे येणार. परत फिरू, होडीने जाऊ," जानकीबाई म्हणाल्या. सुहासने मान डोलावली. माझ्या जिभेवर वनिताची अट आली होती. वचन दिलं नसतं तर ओरडलेच असते.

समोरून वनिताचे वडील धर्माकाका आम्हाला न्यायला आले. रुळांची देखभाल करणारे निवृत्त गँगमन, कपाळावर असल्याच फेकलेल्या नारळाची खूण.

"बसा वहिनी. हा सज्जा त्यासाठीच हाय. गाडी आली की आम्ही हितंच अंग चोरून उभं राहायचो."

"भीती नाही वाटायची?"

"पहिल्या दिवशी रडलो. म्होरल्या गाळ्यात. चला, दावतो."

दोन खांबांमधला तो गाळा बघायला जानकीबाई उठल्या. पुढच्यात धर्माकाकांचा हातोडा खाडीत पडला होता. त्याच्या पुढच्यात त्यांच्या आज्याने ओहोटीला कंबरभर चिखलात उभं राहून खांबांचं काम केलं होतं. आणखी पुढे वनिताच्या आईला बाळंतपणासाठी डोलीतून नेताना कळा सुरू झाल्या होत्या.

"अगंबाई! मग?"

"मग काय? म्होरल्या गाळ्यात सांगतो."

अशा त्या बेटावर पोचल्या. कळांचं काय झालं ते विचारत पोचल्या.

तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण खाऊन त्यांनी हळूच विचारलं, "जाताना होडी मिळेल ना?"

मी वनिताकडे पाहिलं. वनिता हसली. "मिळेल की, आई."

धर्माकाकांच्या कानांनी तो 'आई' शब्द बरोबर टिपला. ते उठून अंगणात गेले.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तळहात गंजाने तांबूस झाले होते. ओट्यावरची निर्माल्याची पिशवी कुंडीत रिकामी केली. ती सवय अजून आहे.

पुढे जानकीबाई सणावाराला पाणजूला जात, नेहमी होडीने. धर्माकाका गेले त्या सकाळी मात्र होडीवाल्याची वाट बघायला त्या थांबल्या नाहीत. वनिताचा हात धरून पुलावर चढल्या. मी मागून चालत होते. वनिता रडत होती आणि तिच्याच वडिलांच्या गोष्टी तिची सासू तिला गाळ्यामागून गाळा सांगत होती. एक-दोन चुकीच्या सांगितल्या. वनिताने दुरुस्त केल्या नाहीत.