वहिनीचा बालवर्ग

माझी वहिनी बालवर्गाला शिकवायची आणि मी त्याच शाळेत व्यायाम. नोकरी तिनेच लावून दिली होती, त्यामुळे सगळ्यांदेखत माझी फिरकी घ्यायचा हक्क तिच्याकडे होता. "आमचे भाऊजी उड्या मारायचा पगार घेतात," असं ती सांगायची. मी म्हणायचो, "आणि तू नाकं पुसायचा." खरोखरच तिचा निम्मा दिवस त्यातच जायचा. नाकं, बुटांच्या नाड्या, सांडलेले डबे. ते उरकून जो वेळ उरेल त्यात अक्षरं.

साथ आली आणि शाळा पडद्यावर गेली. मी घरात उड्या मारायचो आणि खालचे शेजारी काठीने छत ठोकायचे. पलीकडच्या खोलीत वहिनी फोनसमोर गाणी म्हणायची. तिला कुणाचा नुसता कान दिसायचा, कुणी गाण्यातच झोपून जायचं. शिकणं यथातथाच होतं, पण घरात आम्ही निर्धास्त होतो. वहिनीला दमा होता. साध्या सर्दीनेही तिची छाती भात्यासारखी चालायची.

मग पलीकडच्या रस्त्यावरची शाळा उघडली. आमचे पालक मुलं तिकडे न्यायची भाषा करू लागले आणि संचालकांचं धाबं दणाणलं. त्यांनी पालकांना विचारलं, वर्गात की पडद्यावर? बालवर्गाच्या जवळपास सगळ्यांनी वर्ग निवडला. आईबाप कामावर गेल्यावर पोर सांभाळणार कोण? त्यांचंही चूक नव्हतं. शिक्षकांना मात्र कुणी विचारलंच नाही. वहिनी दम्याचे कागद घेऊन संचालकांकडे गेली, तर ते म्हणाले, "बाई, तुमच्याशिवाय बालवर्ग चालेल का?" गोड बोलून माणसाला खड्ड्यात ढकलायची ही रीत मला अजून पचलेली नाही. दादाने तिला नोकरी सोड म्हणून सांगितलं. त्याचं स्वतःचं दुकान बंदच होतं. ती म्हणाली, "चार दिवस बघू."

मला फाटकावर उभं केलं, हातात कपाळावर रोखायचं थर्मामीटर देऊन. "भाऊजी फाटकावर असताना मला कसली भीती," असं वहिनी भेटेल त्याला सांगायची. मीही डोळ्यांत तेल घालून एकेक पोर तपासायचो.

तिच्या वर्गात प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारा एक मुलगा होता. वहिनी त्याला वकीलसाहेब म्हणायची. एका सकाळी मी त्याचं कपाळ तपासलं, ताप नव्हता, आत सोडला. मधल्या सुट्टीआधी त्याने बाकावर डोकं टेकलं. वहिनीने हात लावला तर अंग चटका बसेल इतकं तापलेलं.

"आईने सकाळी गोड औषध दिलं," तो म्हणाला. "सरांना सांगायचं नाही म्हणाली."

औषधाचा अंमल असेपर्यंत माझं यंत्र काय दाखवणार?

नियम असा, की आजारी मुलाला कोपऱ्यातल्या खोलीत एकटं बसवून दार लावायचं. त्याने रडून आकांत मांडला. आई फोन उचलत नव्हती. शेवटी वहिनीच त्याच्याबरोबर आत गेली. मी काचेवर थापा मारल्या. "वहिनी, बाहेर ये! मी बसतो त्याच्याजवळ."

"तुम्हाला बघून तो आणखी रडेल," ती आतून म्हणाली. "तुम्ही फाटक सांभाळा."

तो तिच्या मांडीवर झोपला. त्याचा मास्क केव्हाच निघाला होता, आणि तो खोकत होता. आई धावतपळत आली तोवर दुपार कलली होती.

आठवडा उलटायच्या आत वहिनीला दवाखान्यात न्यावं लागलं. आम्हाला आत सोडत नव्हते. फोनवर धापा टाकत ती विचारायची, "वकीलसाहेब कसे आहेत?" मी भडकलो. "त्याच्या आईला सगळ्यांसमोर जाब विचारणार आहे मी!"

"भाऊजी..." ती म्हणाली. पुढचं तिला बोलता आलं नाही.

वहिनी गेली. दादाला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही.

शाळा पुन्हा पडद्यावर गेली आणि संचालकांनी वहिनीचा वर्ग माझ्या गळ्यात घातला. मुलांना इतक्यात काही सांगू नका, बाई सुट्टीवर आहेत एवढंच म्हणा, अशी पालकांची विनंती होती. मी हो म्हणालो. मनात वेगळंच होतं. पहिल्या दिवशी सगळ्या आया मुलांशेजारी असणार. सगळ्यांदेखत त्या बाईचे वाभाडे काढायचे, मग नोकरी गेली तर गेली. काय बोलायचं ते मी पाठ करून बसलो होतो.

पडद्यावर एकेक चेहरा उघडत गेला. वकीलसाहेबांच्या मागे त्याची आई उभी होती, वाळून काडी झालेली. ती सरळ माझ्याकडे बघत होती. काय ऐकावं लागणार हे तिला ठाऊक असावं, तरी तिने कॅमेरा बंद केला नव्हता. मी तोंड उघडलं.

"सर!" माझ्याआधी तोच ओरडला. "मी बरा झालो! बाईंना सांगा ना!"

त्याच्या आईने तोंडावर हात दाबला. पलीकडच्या खोलीत दादा होता. त्याला सगळं ऐकू जात होतं.

"सांगतो," मी म्हणालो.

"नंतर नाही. लगेच."

"बरं, लगेच सांगतो," मी म्हणालो, आणि हजेरी घ्यायला लागलो.