ब्याण्णवची मोपेड

आमच्या वाहतूक शाखेत दसऱ्याला शस्त्रपूजा झाली, तेव्हा गाड्यांचा वेग मोजणाऱ्या स्पीड गनचीही झाली. गोळी सुटत नसली म्हणून काय झालं, बंदूक ती बंदूकच! साहेबांनी स्वतः तिला कुंकू लावलं आणि गनवरच्या छोट्या दुर्बिणीला झेंडूचा हार करकचून बांधला. मी बाजूला उभी राहून फुगत होते. ही गन चालवण्याचं ट्रेनिंग आमच्यात फक्त मी घेतलं होतं आणि तिच्यामुळेच चौकात शिट्टी फुंकत धूर खाण्यातून माझी सुटका झाली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही बुटीबोरीच्या रस्त्यावर उभे राहिलो. साहेब म्हणाले, "दाखवा बरं मॅडम, कशी चालते ते."

समोरून एक आजोबा मोपेडवर येत होते, पायाशी भाजीची थैली. दुर्बिणीतला लाल ठिपका मी त्यांच्या दिव्यावर धरला आणि बटण दाबलं. आकडा आला ब्याण्णव.

शिपाई पोट धरून हसले. एकाने आजोबांना थांबवून आकडा सांगितला.

"ब्याण्णव? माही गाडी?" आजोबांचा चेहरा उजळला. "कागदावर लिहून द्या जी. घरी कोणी मानणार नाही."

साहेब मात्र हसले नाहीत. "हात हालून राहिला तुमचा. लेडीजले नाही जमत हे. उद्यापासून चौकात जा."

माझं टाळकंच सटकलं. मी विणकराच्या घरातली. मागावर तुटलेला धागा जोडताना हात हलला, की आई फाडकन चापट मारायची. हा हात हलतो म्हणे! रागारागातच आठवलं, आजोबांना त्याच वेळी एक पांढरी कार ओलांडून गेली होती. म्हणजे ठिपका मोपेडवर होता, पण गनचा वेग मोजणारा किरण कारवर पडला होता.

"सर, खांबावर बघू," मी म्हणाले.

थोड्या अंतरावर विजेचा एकटा खांब होता, मागे नुसतं आभाळ. गन तपासणीवर टाकली, की किरण खांबाला लागताच ती किंचाळते. हाताचं नाव नको म्हणून मी ती जीपच्या बॉनेटवर टेकवली. ठिपका खांबावर आणला, तर चिडीचूप. सरकवत खांबाच्या हातभर उजवीकडे नेला, तेव्हा कुठे ओरडली. दुर्बीणच वाकडी झाली होती आणि तिच्या स्क्रूत झेंडूच्या हाराचा दोरा अजून अडकलेला होता. तो कोणी आवळला होता, हे मी बोलले नाही. जीभ फार वळवळली, पण नाही बोलले.

साहेबांना पटेना. त्यांनी गन स्वतः उचलली, एक डोळा मिटला, श्वास रोखला. खांबावर धरली, गप्प. जरा उजवीकडे नेली, किंचाळली. परत खांबावर, परत गप्प.

आजोबा आपल्या ब्याण्णवच्या आशेने तिथेच थांबले होते. त्यांनी मोठ्या काळजीने विचारलं, "साहेब, तुमचाबी हात हालून राहिला का जी?"

शिपायांनी हसू दाबायला रस्त्याकडे तोंडं फिरवली. साहेबांचे कान लाल झाले आणि मग तेच खो खो हसत सुटले. हसता हसता त्यांनी गन माझ्या हातात दिली.

"धरा मॅडम. दुरुस्त करून आणा, अन् तुम्हीच चालवा."