थांबाकाकांचं अर्धं वाक्य

नळदुरुस्तीवाल्याला सगळं जग घाई करतं, पण थांबाकाकांना कुणी घाई करून दाखवावी. जोड बसवला, पाणी सुरू केलं, की दुसरा असता तर पाना पिशवीत टाकून केव्हाच पसार झाला असता. काका जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरायचे आणि शेजारी बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहायचे. चांगला अर्धा तास. घरातलं कुणी येऊन विचारायचं, "झालं का हो?" आणि उत्तर ठरलेलं, "थांबा, बघू." कागदावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका उमटला तरी सगळं सोडवून पुन्हा पहिल्यापासून. नाही उमटला तर म्हणायचे, "आता गळत नाही." उद्याचं काही विचारू नका. उद्याची हमी त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नाही. याच सवयीपायी त्यांना हे नाव पडलं आणि ते इतकं चिकटलं, की खरं नाव विचारलं तर शेजाऱ्यांनाही आठवावं लागे.

अशा माणसाची बायको मात्र 'आतली' होती. आतली म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

काकांच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून एक लांबट हॉल होता, पूर्वी लाकडी सामानाचं गोदाम असलेला. तिथे दर आठवड्याला शंभर-सव्वाशे माणसं जमत. ही माणसं स्वतःला आतली मंडळी म्हणवत. उरलेलं सगळं जग बाहेरचं, त्यात तुम्हीही आलात, राग मानू नका. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एक दिवस सगळ्यांचा निवाडा होणार, आणि त्या दिवशी आतले तेवढे वाचणार. सभा सुरू झाली की सगळे उभे राहून एक वाक्य म्हणत, "आत आहेत ते वाचतील, बाहेरचा एकही वाचणार नाही." मग खुर्च्या सरकवून बसत. बाकी माणसं गुणी होती हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

काकू तिथे गेल्या त्यालाही कारण होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यांच्या पोटातलं मूल गेलं. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या त्या पडल्याच. काका रोज चहा करून उशाशी ठेवायचे आणि तासाभराने गार झालेला उचलून न्यायचे. दुसरं काही त्यांना सुचत नव्हतं. तेव्हा मंडळीतली एक शिंपीणबाई आपणहून आली. उपदेश नाही, सांत्वन नाही, आपली शिवणाची पिशवी घेऊन काकूंच्या पलंगाशेजारी बसली आणि शिवत राहिली. रोज दुपारी यायची. अठराव्या दिवशी काकू उठून बसल्या आणि म्हणाल्या, "त्या बाहीची शिवण तिरकी जातेय." थांबाकाका स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. त्या बाईचे उपकार त्यांनी जन्मभर मनात धरून ठेवले.

तेव्हापासून सत्तावीस वर्षं काकू आत आणि काका बाहेर. दर आठवड्याला ते काकूंना हॉलपर्यंत पोचवायचे आणि सभा संपेपर्यंत खिडकीखालच्या बाकावर बसून राहायचे. हॉलची सगळी नळजोडणी त्यांच्याच हातची. मंडळीचे प्रमुख, त्यांना सगळे मोठेभाऊ म्हणत, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. काका बेसिनखाली आडवे झाले, की हे शेजारी उकिडवे बसून मनापासून म्हणायचे, "तुमच्यासाठी फार वाईट वाटतं हो."

"वाटू द्या," काका आतून म्हणायचे, "पण जरा तो मोठा पाना द्या इकडे."

आता कुणी विचारेल, एवढं सगळं होतं तर एक वाक्य म्हणून टाकायला काय झालं होतं? तोंडाची वाफच दवडायची होती ना? वाक्याच्या पहिल्या अर्ध्याला काकांची काहीच ना नव्हती. ही मंडळी वाचावीत, सगळीच्या सगळी वाचावीत, असं त्यांना अगदी आतड्यापासून वाटायचं. गाडी अडायची ती दुसऱ्या अर्ध्यापाशी. कारण त्यांची आई. ती दवाखान्याच्या चादरी धुवायची. रक्ताच्या, ओकारीच्या, कशाकशाच्या चादरी, आणि घरी आली की त्याच सुरकुतलेल्या हातांनी पोराला भरवायची. नवरा नाही, माहेर नाही, तरी तिने पोराला एका दिवसाचं उपाशी ठेवलं नाही. ती गेली तेव्हा या हॉलमध्ये अजून लाकडी सामानच रचलेलं होतं. म्हणजे हिशेबाने ती बाहेरचीच.

"ती वाचली नाही हे मी काय बघून आलोय?" काका एकदाच घरात म्हणाले होते.  त्यानंतर हा विषय दोघांनीही काढला नाही.

निघाला तो दवाखान्यात. काकूंच्या पोटात गाठ निघाली. मोठं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी दुपारी काका स्टुलावर बसून त्यांच्या पायांना तेल चोळत होते, तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, मला मरायची भीती नाही वाटत. पण मी गेले तर मी तिकडे आणि तुम्ही भलतीकडे. पुन्हा कधीच भेट नाही. त्याची वाटते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "एकदा ते वाक्य म्हणाल का? माझ्यासाठी?"

आणि ज्या माणसाने उद्याची हमी कधी कुणाला दिली नव्हती, तो म्हणून बसला, "बरी होऊन घरी चल. मग म्हणतो."

"होईन का पण मी बरी?"

"होशील," काका म्हणाले.

काकूंनी डोळे मिटले आणि बघता बघता त्यांना झोप लागली. पाच दिवसांत पहिल्यांदा.

झाल्या बऱ्या. देवाची कृपा, डॉक्टरांचा हात, काय म्हणायचं ते म्हणा. आणि घरी आल्यावर मंडळीने जे केलं, त्याला तोड नाही. दोन महिने काकांच्या घरात चूल पेटली ती फक्त चहासाठी. डबे येत होते, सकाळी एका घरचा, संध्याकाळी दुसऱ्या. दोघीजणी मिळून काकूंचे केस धुवायला यायच्या. शिंपीणबाई आता सत्तरीच्या, डोळ्यांना नीट दिसेना, तरी त्यांनी टाक्यांना घासणार नाहीत असे चार सैल झगे शिवून आणले. मोठेभाऊ स्वतः रोज सकाळी यायचे आणि काकूंना हाताला धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणायचे, वाटेत नद्यांची नावं पाठ म्हणून दाखवायचे. काका दारात उभे राहून बघायचे आणि त्यांचा ऊर भरून यायचा. ही माणसं आपल्याला बुडालेलंच समजतात, आणि आपल्याच घरी रोज डबा घेऊन येतात. यांचे पांग कसे फेडायचे? फेडायची एकच रीत होती, आणि ती कोणती ते त्यांनाही ठाऊक होतं. कुणी तोंडाने मागितलं नाही, हीच तर पंचाईत.

काकू पुन्हा सभेला जायला लागल्या, त्याला तीन आठवडे झाले. चौथ्या आठवड्यात काकांनी धुतलेला शर्ट घातला, दाढी केली आणि बाकावर न बसता तिच्यामागून हॉलमध्ये शिरले. मोठेभाऊंना म्हणाले, "मला वाक्य म्हणायचंय."

हॉलमध्ये एकदम चुळबुळ झाली. शिंपीणबाईंनी पदराने डोळे पुसले. नवा माणूस आत यायचा तर रीत अशी, की सगळ्या मंडळीने उभं राहायचं, त्याने समोर येऊन एकट्याने वाक्य म्हणायचं, आणि वाक्य पुरं झालं की मगच सगळ्यांनी बसायचं. तो पुरं म्हणेपर्यंत कुणी बसायचं नाही, बोलायचं नाही. एरवी दहा सेकंदांचं काम.

सगळे उभे राहिले. काका पुढे गेले, मंडळीकडे तोंड करून उभे राहिले. समोर पहिल्या रांगेत काकू, एक हात पोटावर धरून.

"आत आहेत ते वाचतील," काका म्हणाले. खणखणीत, आनंदाने म्हणाले.

मग थांबले.

त्यांनी श्वास घेतला. पुढचे शब्द त्यांना काय पाठ नव्हते? सत्तावीस वर्षं खिडकीतून ऐकलेले. पण जीभ हलेना. "आत आहेत ते वाचतील," ते पुन्हा म्हणाले, चढावावर अडलेली गाडी जरा मागे घेऊन पुन्हा पुढे रेटावी तसे. पुन्हा तिथेच अडलं. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मागच्या रांगेत कुणाचा तरी गुडघा कडकन वाजला.

मिनिट गेलं, दुसरं गेलं. सव्वाशे माणसं ताटकळत उभी. आजवर कुणी वाक्य अर्ध्यात सोडलंच नव्हतं, त्यामुळे अशा वेळी काय करायचं याचा नियमच नव्हता. सगळे मोठेभाऊंकडे बघत होते आणि मोठेभाऊ छताकडे. काकांना फक्त काकू दिसत होत्या. तिच्या कपाळावर घाम आला होता. एवढा वेळ उभं राहायला डॉक्टरांनी मना केलं होतं. चार शब्द, बस्स. चार शब्द टाकले की ती खाली बसणार, आपलं वचन पुरं होणार, सगळ्यांचे उपकार एका झटक्यात फिटणार.

"माझी आई बाहेरची असतानाच गेली," काका म्हणाले. "पुढचं मला नाही म्हणवत. मी वचन दिलं होतं आणि मी ते मोडतोय, मला माफ करा. तुम्ही माझी बायको मला परत दिलीत. एकदा नाही, दोनदा. तुमच्याएवढं माझ्यासाठी कुणी केलं नाही. तुम्ही वाचाल हे मी शंभर वेळा म्हणेन, पाहिजे तर रोज येऊन म्हणेन. पण तेवढंच. आता बसा सगळे, हात जोडतो, हिला उभं राहवत नाहीये."

कुणी बसेना. नियम म्हणजे नियम. मोठेभाऊंचं तोंड एवढंसं झालं होतं. ते काकांजवळ आले आणि हळूच म्हणाले, "अर्धं वाक्य घेता येत नाही हो आम्हाला."

"मला ठाऊक आहे."

मोठेभाऊंनी काकूंकडे पाहिलं, त्यांच्या पोटावरच्या हाताकडे पाहिलं. मग मागे वळले, आपल्या खुर्चीपाशी गेले आणि सरळ बसले. प्रमुखच बसला म्हटल्यावर शिंपीणबाई बसल्या, मग एकेक करत सगळा हॉल बसला. काका बाहेर निघाले. दारापाशी मोठेभाऊंचा आवाज आला, "उद्या सकाळी फिरायला येतो. तिला तयार ठेवा."

काका बाकावर बसले. उपकारांचं ओझं होतंच, वर वचन मोडल्याचं आलं. सभा संपली, काकू बाहेर आल्या. दोघं घराकडे निघाले. बेकरीपाशी एक बुटकी भिंत होती, तिथे काकू टेकल्या.

"रागावलीस?" काकांनी विचारलं.

"तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तर मला त्या दिवशी झोप लागली," काकू म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, होशील बरी. म्हटलं, यांनी सगळं बघून, विचारून सांगितलं असणार."

काका तिच्याशेजारी भिंतीवर टेकले. मग म्हणाले, "मी काही बघितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, आत्ताच काही सांगता येत नाही."

"मग कसे म्हणालात?"

"तू वाचणार नाहीस, हे माझ्या तोंडून निघेना. आजही तेच झालं बघ. तुझ्याबद्दल निघालं नाही, तर आईबद्दल कसं निघेल? कुणाबद्दलही कसं निघेल?"

 काकांना वाटलं, आता ही रडणार. पण तिने त्यांची बाही धरली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "परत सभेला जायला लागले ना, तेव्हापासून मीही पहिलं अर्धंच म्हणतेय. दुसऱ्या अर्ध्याला नुसते ओठ हलवते. तुम्ही खिडकीखाली बसलेले असता, आणि दवाखान्यात तुम्ही माझे पाय चेपत होतात तेच डोळ्यांपुढे येतं. सव्वाशे माणसांत कुणाला कळत नाही."

काका तिच्याकडे वळले. "अगं, मग मला कशाला उभं राहू दिलंस तिथे?"

"म्हटलं, तुम्ही आत आलात तर मला ते पुन्हा म्हणता येईल."

 या बाईशी आपलं लग्न झालं, ही वाचली, ही आपल्या शेजारी उन्हात बसली आहे, याबद्दल कुणाचे आभार मानावेत ते थांबाकाकांना कळेना, म्हणून त्यांनी तिचेच मानले, तिथेच, रस्त्यावर, हात जोडून. मग सभेतला आपला अवतार त्यांना आठवला, तीनतीनदा अर्धं वाक्य म्हणणारा, आणि समोर नुसते ओठ हलवणारी आपलीच बायको उभी. ते खोखो हसायला लागले. काकूंनी पोट घट्ट धरलं.

"अहो, हसवू नका," त्या म्हणाल्या, "टाके दुखतात."