पोट्ट्याला मोठं होऊ द्यायचं होतं

माझी मेथी खाल्ली त्या दिवशी मी हरणाच्या जिवावर उठले होते, हे आधीच सांगून टाकते. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये मी भूल देणारी डॉक्टर आहे. माणसांना शांत झोपवणं हा माझा धंदा, पण स्वतःचं डोकं शांत ठेवणं मला आजवर जमलेलं नाही. शहराबाहेर, गावाच्या अगदी टोकाला आम्ही घर घेतलं. घरामागे झाडीचा एक लांबट पट्टाही आमच्या मालकीचा झाला, म्हणून मी हौसेनं मेथी-कोथिंबिरीचे वाफे केले. ऑगस्टमधल्या एका सकाळी पाहते तो काय, सगळं सपाट! वाफ्यात एक कोवळा नर उभा, नव्या शिंगांवरची मखमलीसारखी कातडी अजून गळलेली नाही, डावा कान फाटलेला, आणि तोंडात माझी कोथिंबीर. मी पायातली चप्पल काढून फेकली. त्यानं ती चुकवली आणि कुंपणावरून टुणकन उडी मारून गेला मेला.

मी तशीच तरातरा शेजारी गेले. शेजारी एक म्हातारे इंग्रज गृहस्थ राहतात. आयुष्यभर त्यांनी बंदरात मोठमोठी जहाजं सुखरूप आत आणली, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव 'बंदरवाले आजोबा'. त्यांना खांद्याला रायफल लावून रानात जाताना मी पाहिलं होतं.

"तुम्ही हरणं मारता ना? मग त्या फाटक्या कानाच्याला मारा. माझ्या जागेत मारा, माझी काही हरकत नाही," मी म्हटलं.

त्यांनी आधी मला बसवलं, चहा केला, आणि मग म्हणाले, "त्याला नाही मारणार. तो अजून लहान आहे."

मला वाटलं, म्हातारा माझी फिरकी घेतोय. बंदूक बाळगणाऱ्या माणसाला हरणाच्या वयाशी काय करायचंय? पण ते गंभीर होते. त्यांनी जे सांगितलं ते असं. आमच्या या छोट्याशा खोऱ्यात पूर्वी जो तो आपापल्या जमिनीवर शिकार करायचा. माद्या कोणी फारशा मारायचं नाही, आणि नर मात्र शिंगं फुटली रे फुटली की गोळी. प्रत्येकाच्या मनात एकच, मी सोडला तर पलीकडचा मारेल, मग मीच का नको? परिणाम असा की माद्यांचे कळप वाढत गेले, पिकं आणि झाडांचे कोवळे कोंब फस्त व्हायला लागले, आणि पूर्ण वाढलेला, पंज्यासारख्या पसरट शिंगांचा नर खोऱ्यात कोणी कित्येक वर्षांत पाहिलाच नाही. मग आजोबांनी दारोदार जाऊन शेजाऱ्यांना एकत्र बसवलं. ठरलं असं, की हिवाळ्यात सगळ्यांनी मिळून माद्या आणि आजारी, लंगडी जनावरं कमी करायची, आणि तरण्या नरांना हात लावायचा नाही. त्यांना सहा-सात वर्षांचं होऊ द्यायचं.

"आणि कोणी शब्द मोडला तर?" मी विचारलं.

"मोडू शकतोच की. रानात कोण बघायला येतंय?"

मला हे पटेना. मी पुण्याची. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पट्ट्यावरून दोन घरांचं बोलणं बंद पडलेलं मी पाहिलंय, आणि ही माणसं एकमेकांच्या भरवशावर समोर आलेलं हरीण सोडून देतात! पण आमचा झाडीचा पट्टा नेमका सगळ्यांच्या जमिनींच्या मध्ये होता, आणि तिथे कोणाला शिकार करू देऊ नये एवढीच त्यांची विनंती होती. मी होकार दिला, पण तोंड वाकडं करूनच. दुसऱ्या दिवशी आजोबांनी स्वतः येऊन माझ्या वाफ्यांना जाळी ठोकून दिली. या वयात गुडघे टेकून खिळे मारणाऱ्या माणसावर रागावून राहणं मलाही कठीण गेलं.

ऑक्टोबरात बॉयलर बंद पडला म्हणून गावातला प्लंबर आला. तोही या मंडळींपैकी एक. हरणांचे ते माजाचे दिवस, सगळ्या रानात नरांचं घोगरं डुरकणं चाललेलं. काम करता करता तो म्हणाला, "तुमचा तो फाटक्या कानाचा काल माझ्या समोर उभा होता. एवढ्या जवळ, की नेम धरायलाही नको." दिवाणखान्यात लावायला एखादी चांगली शिंगांची जोडी हवी, ही त्याची फार जुनी हौस. "मग?" मी विचारलं. "मग काय? रायफल खाली केली आणि त्याला जाऊ दिलं," असं म्हणून त्यानं पाना फिरवला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. तिथे एकही साक्षीदार नव्हता. आपण पोलिसांच्या आणि कॅमेऱ्याच्या भीतीनं गाडीचा वेग कमी करणारी माणसं. मला त्या प्लंबरचं इतकं कौतुक वाटलं, की चहाबरोबर त्याला घरचा चिवडा दिला. तो माझ्याकडे सहजासहजी कोणाला मिळत नाही.

त्याच सुमारास नागपूरहून सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी.

सासूबाई शुद्ध शाकाहारी. शेजारचे आजोबा हरणं मारतात म्हटल्यावर त्यांनी त्या बाजूच्या खिडकीचा पडदा कायमचा ओढून घेतला. फाटका कान मात्र त्यांना पहिल्याच दिवशी दिसला. "अगं बाई, हे तर आपल्याकडचं चितळच! काय रोडावला आहे पोट्टा!" आणि झालं, त्या दिवसापासून तो 'पोट्टा'. मी ड्यूटीवर, नवरा लंडनच्या ट्रेनमध्ये, घरात त्या एकट्या. त्या दिवसभर काय करतात हे विचारायला मला सवड नव्हती. कणीक लवकर संपायला लागली, तेव्हा मला वाटलं, थंडीत यांची भूक वाढली असेल.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी आजोबांच्या स्वयंपाकघरात मंडळी जमली. प्लंबर होता, खोऱ्यातला गव्हाचा शेतकरी होता, आणि जागेची मालकीण म्हणून मी. हे लोक हिवाळ्यात हरणांची मोजदाद करायला रानात झाडांना छोटे कॅमेरे बांधून ठेवतात, समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो. ते फोटो टीव्हीवर लावून कोण जिवंत आहे, कोण लंगडतंय, हे सगळे मिळून बघतात. माद्या दिसल्या, एक कोल्हा दिसला. आणि मग आमच्या सासूबाई! पाचवारी साडी, वर माझ्या नवऱ्याचं जाकीट, पायात स्पोर्ट शूज, डोक्याला माकडटोपी, आणि पुढे केलेल्या हातात घडी घातलेली पोळी. समोर फाटका कान, मान लांबवून, नाक पोळीपासून वीतभर अंतरावर.

पहिल्यांदा सगळे खो खो हसले. मीही हसले, लाजेनं. मग शेतकऱ्याचं हसू थांबलं. प्लंबरनं हातातला कप खाली ठेवला. आजोबा तो फोटो बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा इतका पडला की मला विचारावंच लागलं, "काय झालं?"

आमच्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला रस्ता आहे, आणि रस्त्यापलीकडे एक भलीमोठी जमीन. तिचा मालक या ठरावात नाही. त्याच्याकडे पाहुणे शिकारीला येतात आणि शिंगं दिसली की मारतात. त्यात बेकायदा काही नाही, एप्रिल संपेपर्यंत नरांची शिकार खुलीच असते. रानातली हरणं रोज तो रस्ता ओलांडतात. आजवर फाटका कान वाचला तो एकाच गोष्टीमुळे, माणूस दिसला की तो पळायचा.

"आता तो पळणार नाही," आजोबा म्हणाले. "माणूस दिसला की तो पोळी मागायला जवळ जाईल."

आता काय करायचं, हे मीच घाईघाईनं विचारलं. ज्याला मीच मारा म्हणाले होते, त्याच्यासाठी!

संध्याकाळी आजोबा घरी आले आणि सासूबाईंसमोर टोपी काढून बसले. ते बोलत होते, मी मराठीत सांगत होते. पोळी बंद करून भागणार नाही, तो वाट बघत उभा राहील. त्याला हाकलायला हवं, चांगलं घाबरवून.

"मग हाकला तुम्ही," सासूबाई फणकारल्या. "बंदूक तुमच्यापाशी आहे."

"मी हाकललं तर तो फक्त मला घाबरेल," आजोबा म्हणाले. "माणसांत एक तरी आपलं आहे असं त्याला वाटत राहील, आणि तो ते माणूस शोधत फिरेल. त्याचा विश्वास तुमच्यावर आहे. तो तुम्हीच मोडायला हवा."

हे मराठीत सांगताना माझी जीभ अडखळली. सासूबाई माझ्यावरच उखडल्या. "काहून? मी काय पाप केलं? दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं? आणि हे सांगून कोण राहिलं मला, तर हा शिकारी!" त्या उठून आत गेल्या. आजोबा मला हळूच म्हणाले, "त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो." आणि घरी गेले बिचारे.

दोन-तीन दिवस सासूबाई धुमसत राहिल्या. पोळी नेली नाही, पण हाकललंही नाही. तो यायचा, कुंपणाशी उभा राहायचा, आणि त्या खिडकीतून बघत बसायच्या. मग एका सकाळी, माझी सुट्टी होती, आम्ही दोघी चहा घेत होतो आणि रस्त्यापलीकडून बंदुकीचा बार ऐकू आला. एकच. सासूबाईंनी बशी खाली ठेवली. त्या तशाच उठून मागच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी शाल आणून खांद्यावर टाकली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. चहा पार गार झाला. शेवटी झाडीतून फाटका कान आला, सावकाश, एकेक पाऊल टाकत, नेहमीसारखा. जिवंत.

"आला गं माझा पोट्टा," त्या म्हणाल्या. मग पदर खोचला, आत गेल्या आणि स्टीलचं ताट आणि पळी घेऊन बाहेर आल्या.

त्यांनी ताट बडवलं. तो गडबडला, दोन पावलं मागे गेला, आणि मग त्यांना बघून उलट जवळच आला! त्याला वाटलं असेल, आज जेवणाचं बोलावणं वाजवून आहे. "अरे निघ! चाल निघ इथून!" त्या ओरडत होत्या आणि तो कान हलवत बघत होता. मग त्यांनी दाराशी ठेवलेल्या पोत्यातले बटाटे उचलले. पहिला चुकला. दुसरा बरोबर त्याच्या बरगडीवर बसला. तो दचकून उडाला, लांब जाऊन थांबला आणि वळून बघायला लागला. ते बघणं मला सोसेना, मी मान फिरवली. सासूबाईंनी नाही फिरवली. त्या बटाटे मारत मारत, साडी सावरत, चिखलातून थेट झाडीपर्यंत गेल्या. "मर मेल्या! तोंड नको दाखवू मला!" त्यांचा आवाज चिरकला होता. तो गेला.

परत आल्या तेव्हा स्पोर्ट शूज चिखलानं भरलेले. जेवल्या नाहीत. "बरगडीत लागलं असेल का गं त्याला?" एवढंच दुपारी एकदा विचारलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट घेऊन उभ्या, तिसऱ्या दिवशीही. आजोबा आपल्या बागेतून बघत होते, जवळ आले नाहीत. तो यायचा बंद झाला त्या दिवशी मात्र आले, आणि सासूबाईंसमोर दोन्ही हात जोडून उभे राहिले. हे त्यांना कोणी शिकवलं, मला ठाऊक नाही. सासूबाईंनीही हात जोडले. आजोबांच्या बाजूचा पडदा त्यानंतर उघडा राहिला, आणि मार्चमध्ये त्या परत गेल्या.

मध्ये काही वर्षं गेली. मंडळी ठरल्याप्रमाणे हिवाळ्यात माद्या कमी करत राहिली आणि समोर आलेले तरणे नर सोडून देत राहिली. शेतकऱ्याच्या गव्हाची नासाडी पुष्कळ कमी झाली, तो तसं स्वतःच सांगतो. गेल्या ऑक्टोबरात आजोबा मला सकाळी वरच्या टेकाडावर घेऊन गेले. त्यांच्यानं आता चढवत नाही, माझा हात धरून चढले. खाली धुकं होतं, त्यात घोगरं डुरकणं, आणि धुकं जरा फाटलं तर समोर तो! मान जाडजूड झालेली, डोक्यावर दोन पसरट पंजे, भोवती माद्या. दुर्बिणीतून फाटका कान स्पष्ट दिसला. मग आजोबांनी दुर्बीण घेतली ती डोळ्यांवरून काढेनात. मला तर रडूच आलं, उगीच कशाला लपवू?

तेवढ्यात वारा फिरला. आमचा वास त्याच्यापर्यंत गेला असावा. त्यानं मान वर केली, आणि माद्या, माज, सगळं तिथेच टाकून असा सुसाट सुटला, की दिसेनासा झाला.

घरी येऊन मी नागपूरला फोन लावला. सगळं सांगितलं, शिंगं केवढी, मान केवढी. सासूबाई ऐकत होत्या.

"तुला पाहून पळाला का?" त्यांनी विचारलं.

"आई, पाहायचं लांबच. नुसता वास आला तर पळाला."

"म्हणजे आता कोणावरच विश्वास नाही ठेवत?"

"कोणावरच नाही."

"मी समोर गेली तरी पळंल?"

मला खोटं बोलता आलं असतं. "हो आई. तुम्हाला बघूनही पळेल."

"बरं झालं. जगते मग पोट्टा," त्या म्हणाल्या, आणि फोनवरच हुंदके देऊन रडायला लागल्या.