मोठं पातेलं, लहान पातेलं

हॉटेलात तिला सगळेच वहिनी म्हणत. मालकाची ती खरोखरीची वहिनी. नवरा गेल्यावर धाकट्या दिराने तिला कामाला घेतलं आणि हॉटेलच्या वरची एक खोली राहायला दिली. दीर वाईट माणूस नव्हता, पण मोजकं बोलायचा. तो गप्प झाला की ती जास्तच झटून काम करायची, कारण नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर दोन्ही त्याच्याच हातात होतं.

तिचं खरं जमायचं ते आचाऱ्याशी. बाहेरचा हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला एक चौकोनी खिडकी होती. वहिनी त्या खिडकीत वाकून ऑर्डर सांगायची आणि जाता जाता गिऱ्हाइकाला एखादं नाव चिकटवायची. सूप घेऊन तासभर बसणारी बाई म्हणजे चिमणी. पावाचे तुकडे खिशात टाकणारा म्हातारा म्हणजे मुंगळा. "मुंगळा आलाय, टोपली भरून ठेव," ती म्हणायची आणि आचारी झारा हातात धरून खदखदून हसायचा. नवरा गेल्यापासून कुणाला हसवल्याचं सुख तिला तेवढ्या एका खिडकीतच मिळत होतं. आवाज बाहेर जायची भीती नव्हती. चुलीवरचा धूर ओढणारा पंखा एवढा घरघरायचा की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे.

त्या दुपारी पंखा बंद पडला होता. दुरुस्तीवाल्याला निरोप गेला होता, तो यायचा होता. वहिनीला हे माहीत होतं. सकाळपासून धुराने तिचे डोळे चुरचुरत होते. पण सवय ती सवय.

दारातून एक अंगाने आडवा गृहस्थ आत आला. बरोबर त्याची मुलगी, अकरा-बारा वर्षांची, बापाच्याच बांध्याची. दोघं नेहमीची. भरपूर मागवायची, मन लावून खायची, ताटात काही टाकायची नाहीत. भिंतीलगतच्या टेबलावर बसली, भात आणि रस्सा मागवला. रस्सा आधी आला, मुलीने पाव मोडून खायला सुरुवात केली. वहिनी भाताचं सांगायला खिडकीशी गेली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "मोठं पातेलं आलंय रे, लहान पातेल्यासकट! भात दाबून भर, नाहीतर ताटसुद्धा खातील."

आचारी हसला नाही. तो तिच्या खांद्यावरून हॉलकडे बघत होता.

तिने मागे वळून पाहिलं. सगळी टेबलं गप्प झाली होती. मुलीने हातातला पाव हळूच ताटलीत ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"बाई, इकडे या," तो गृहस्थ म्हणाला. आवाज चढवला नव्हता, त्यामुळेच ती जास्त घाबरली. "काय म्हणालात?"

"कुठे काय? आतल्या भांड्यांबद्दल बोलत होते. मोठं पातेलं, लहान पातेलं... घासायला आलीत म्हणून."

तो तिच्याकडे बघत राहिला. उत्तर मुलीने दिलं, मान वर न करता. "भांडी ताट कशी खातील?"

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. गल्ल्यावरून दीर उठून आला. "काय झालं?"

"यांनाच विचारा," गृहस्थ म्हणाला.

दिराने तिच्याकडे पाहिलं. गृहस्थानेही पाहिलं. मुलगी टेबलाच्या कडेकडे बघत होती. खरं सांगायची एवढी सरळ संधी पुन्हा मिळणार नव्हती, हे वहिनीला कळत होतं. तरीही "काही नाही, भाऊजी," ती म्हणाली. "यांचा गैरसमज झाला."

गृहस्थाने मान हलवली, जणू त्याला हेच अपेक्षित होतं. मुलीच्या पाठीवर हात ठेवून तो तिला घेऊन गेला. खिडकीत भाताची ताटं वाफाळत राहिली.

दिराने तेव्हा काही विचारलं नाही. पंखा दुरुस्त झाला, पुन्हा घरघरू लागला, पण वहिनी खिडकीत वाकली की ऑर्डर तेवढी सांगायची. आचाऱ्याने एकदा विचारलं, "चिमणी नाही आली का आज?" ती म्हणाली, "सूप एक," आणि वळली.

त्याच आठवड्यात तो गृहस्थ परत आला. एकटा. दुपारची गर्दी ओसरली होती. तो बसला नाही.

"पोरगी जेवत नाही," तो म्हणाला. "नीट असं काहीच नाही. आईने भरवायला घेतलं तर तोंड फिरवते. शाळेतून घरी पाठवलं, चक्कर आली म्हणून. मी भांडायला आलो नाही. तुम्ही चला आणि तिच्याशी बोला. तुम्ही खोटं बोललात असं ती म्हणते, आणि आम्ही तिची समजूत काढायला काही बोललो की तेही खोटंच धरते."

वहिनीने गल्ल्याकडे पाहिलं. दीर ऐकत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "भाऊजी, त्या दिवशी मी म्हणाले होते. त्यांनाच म्हणाले होते. रोजच कुणाला ना कुणाला म्हणते."

दिराने हातातला पेला बाजूला ठेवला. "जाऊन या," तो म्हणाला. "मग बघू."

ते 'मग बघू' तिने त्या गृहस्थाच्या दारापर्यंत वाहून नेलं.

दार मुलीच्या आईने उघडलं. या म्हणाली नाही, बाजूला झाली फक्त. आतल्या खोलीत मुलगी पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. गाल बसले होते. टेबलावर दुधाचा पेला, त्यावर साय धरलेली.

"मी तुला आणि तुझ्या बाबांना म्हणाले होते," वहिनी उभ्यानेच म्हणाली. "भांड्यांना नाही. वर खोटंही बोलले."

"माहितीय."

"चुकलं माझं."

मुलीने पाय आणखी जवळ ओढले. मग तिने विचारलं, "आधीपासून म्हणायचात? आम्ही यायचो तेव्हा, दर वेळी?"

दारात आई उभी होती. नाही म्हणणं सोपं होतं, आईचे डोळेही तेच मागत होते. "हो," वहिनी म्हणाली. "दर वेळी."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने नजर हटवली नाही. "का?"

"आचारी हसायचा म्हणून."

"बारीक माणसांनाही म्हणता?"

"त्यांनाही. सूप पिणाऱ्या बाईला चिमणी म्हणते. कुणाला सोडत नाही."

"मग तुम्हाला काय म्हणतात?"

"तोंडावर वहिनी. पाठीमागे काय म्हणत असतील, कुणास ठाऊक."

"काहीतरी वाईटच म्हणत असतील," मुलगी म्हणाली.

"असेल."

"म्हणायलाच पाहिजे." एवढं बोलून मुलीने तोंड भिंतीकडे केलं. "जा आता."

वहिनी बाहेर आली. चपला घालताना तिला आतून आवाज ऐकू आला, मुलगी आईला सांगत होती, "ही साय काढ आधी. मला नाही आवडत." आई धावतच आत गेली. वहिनीला निरोप द्यायला कुणी आलं नाही.

दिराचं 'मग' दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडलं. "वरची खोली तुमचीच आहे," तो म्हणाला. "पण बाहेर गिऱ्हाइकांत नको. आजपासून आत, भाजी चिरायला." खोली गेली नाही म्हणून तिला सुटल्यासारखं झालं आणि लाजही वाटली. तिने विळी पुढे ओढली.

बाहेर वाढायला नवा माणूस आला. आचाऱ्याने त्यालाही लवकरच गिऱ्हाइकांना नावं ठेवायला शिकवलं. एकदा तो खिडकीत वाकून म्हणाला, "ढेरपोटे आलेत, कढई चढवा!" आचारी हसला आणि सवयीने वहिनीकडे वळला.

"टेबल कुठलं ते सांग," ती नव्या माणसाला म्हणाली. "बाकी नको."

आचारी चिडला. "वा! सुरुवात कुणी केली होती?"

"मी," ती म्हणाली आणि चिरत राहिली. त्यानंतर कितीतरी दिवस आचारी तिच्याशी कामापुरतंच बोलला. हसवायला तिला कुणीच उरलं नाही.

पुढे एकदा बाजारात मुलीची आई समोर आली. टाळता येण्यासारखं नव्हतं. वहिनीने विचारलं, "जेवते का?"

"जेवते," आई म्हणाली. "पण ताट घेऊन आत जाते आणि दार लावून घेते. आमच्यासमोर अजून नाही."

"मी येऊ का पुन्हा?"

आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "नको," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तिने बोलावलं तर सांगेन," म्हणाली आणि गर्दीतून पुढे गेली.